निर्यात वाढली की गाव सुधारतं?

आठवडाभर व्हॉट्सॲपवर गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींबद्दल एक मजकूर फिरतोय. 'खाणी होत्या तेव्हा डिचोली-सत्तरीत सोनं पिकत होतं. माल जगाच्या बाजारात गेला की पैसा आपोआप खालपर्यंत झिरपतो. कर आणि नियम वाढवले की व्यापार पळून जातो.' मी डिचोलीचाच, म्हणून उत्तर देतो.

पैसा आला, हे खरं. घरोघरी ट्रक आले, जेटीवर पोरांना काम मिळालं. पण 2008 च्या सुमारास चीन आपलं हलक्या प्रतीचं खनिजही उचलत होता, भाव चढत होते, तेव्हा सरकारची रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम, टनामागे ठरावीक होती, 30 रुपयांहूनही कमी. ती किमतीच्या 10 टक्के झाली ऑगस्ट 2009 मध्ये. तेजीचा नफा खाणींची लीज, म्हणजे भाडेपट्टा, असलेल्यांकडे गेला, आमच्याकडे आले ट्रकचे हप्ते. 2012 मध्ये खाणी थांबल्या, हप्ते थांबले नाहीत.

आणि झिरपणं म्हणाल, तर झिरपली ती माती. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला डंप होता, खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग. मोठा पाऊस झाला की लाल गाळ व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, थेट शेतात उतरायचा. पाणी ओसरलं की वर कडक थर धरायचा. आई कुदळीने तो फोडायची, तर खालचं रोप पिवळं पडलेलं. पुढे खाण पाण्याच्या पातळीखाली गेली, ते पाणी उपसायला रात्रंदिवस पंप चालू लागले आणि मार्चमध्येच विहिरीचा तळ दिसू लागला. भरपाई मिळाली ती त्या वर्षीच्या भाताची. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भातपीक, कायमचं सुटलं, त्याचं काय? हा खर्च टनाच्या भावात कुणी धरलाच नव्हता. गोव्याचा माल परवडत होता तो आमच्या विहिरीच्या जिवावर.

करामुळे व्यापार पळतो म्हणे. नॉर्वे तेल कंपन्यांच्या नफ्यावर 78 टक्के कर घेतो, तरी कंपन्या तिथेच आहेत. 1990 च्या कायद्याने उभारलेल्या निधीत तो देश तेलाचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी साठवतो. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये खनिजाच्या विक्रीच्या 10 टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितली, उत्खननावर वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादाही घातली.

'मग व्यापार बंद करायचा का?' असं शेवटी विचारलंय. नाही. आता लिलावाच्या लीजांवर पुन्हा ट्रक धावू लागलेत, ते धावू देत. पण आधी डंपला बांध घाला, दर महिन्याला विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि ती उतरली तर त्या दिवशी पंप बंद करायचा अधिकार ग्रामसभेला द्या.