‘साधं सलाईन’ आणि अल्ब्युमिनचा हट्ट

डेंग्यूचे दिवस आले की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. म्हणणं असं: सलाईन म्हणजे नुसतं मीठपाणी, तासाभरात रक्तातून निघून जातं. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), स्टार्च ही कोलॉइडं, म्हणजे मोठ्या कणांची द्रवं, रक्तात टिकतात, जीव वाचवतात. हॉस्पिटलं ती पैसे वाचवायला देत नाहीत, तेव्हा हट्टाने मागा. आयसीयूच्या दारात मोबाईल पुढे करून हे दाखवणारे नातेवाईक बरेच भेटतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मीठपाणी? आहेच. ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, लहान चमचाभर. रिंगर लॅक्टेट या सलाईनच्याच भावंडात जोडीला थोडं पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट. शॉकमधल्या (अवयवांना रक्तपुरवठा कमी पडलेल्या) पेशंटला बहुतेक वेळा सुरुवातीला हेच हवं असतं.

पैसे वाचवायला? अल्ब्युमिनच्या १०० मिलीच्या बाटलीला काही हजार रुपये पडतात, सलाईन त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बिल फुगवायचंच असतं तर तुम्हाला हट्ट करावा लागला नसता.

‘टिकतं’ हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. कोलॉइडचे कण मोठे, धडधाकट रक्तवाहिनीतून सहजी बाहेर पडत नाहीत. म्हणून आम्हाला शिकवलं होतं, एक भाग कोलॉइडचं काम करायला तीन भाग सलाईन लागतं. पण सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडणं) किंवा डेंग्यूत रक्तवाहिन्यांची चाळण होते आणि अल्ब्युमिनही झिरपतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये सुमारे ७,००० आयसीयू पेशंटवर झालेल्या ‘सेफ’ चाचणीत (२००४) हे प्रमाण जेमतेम दीडपट निघालं. २८ दिवसांतले मृत्यू अल्ब्युमिनवर ७२६, सलाईनवर ७२९. डोक्याला जबर मार लागलेल्यांत तर अल्ब्युमिनवाल्यांचेच मृत्यू जास्त होते.

स्टार्चबद्दल मेसेज नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. २०१२ च्या ‘सिक्स-एस’ चाचणीत गंभीर सेप्सिसच्या पेशंटपैकी ९० दिवसांत स्टार्चवर ५१ टक्के दगावले, रिंगर ॲसिटेटवर (रिंगर लॅक्टेटसारखंच साधं द्रव) ४३ टक्के. डायलिसिसही स्टार्चवाल्यांनाच जास्त लागलं. युरोपने २०२२ मध्ये त्याची परवानगी स्थगित केली. आणि स्टार्चची भलामण करणारे जर्मन भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचे डझनावारी शोधनिबंध नियतकालिकांना मागे घ्यावे लागले, ते वेगळंच.

राहिला डेंग्यू. व्हिएतनाममध्ये मुलांवर झालेल्या चाचणीत (२००५) मध्यम शॉकला सुरुवातीला रिंगर लॅक्टेट पुरेसं ठरलं. त्याने शॉक हटत नसेल तर कोलॉइड देतात, आम्हीही देतो. लिव्हर सिरॉसिसच्या पेशंटच्या पोटातून पाच लिटरहून जास्त पाणी काढलं की अल्ब्युमिन लागतंच, तिथे आम्ही स्वतः चिठ्ठी लिहून देतो.

हट्टच धरायचा तर दोन आकड्यांचा धरा: तासाला लघवी किती झाली आणि हेमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) किती आहे. डेंग्यूत पुढची बाटली कोणती, किती वेगाने, हे ठरवताना आम्ही नाडी-बीपीबरोबर हेच बघतो. आणि ड्रिप कधी कमी करायची तेही. जास्त झालेलं पाणी फुफ्फुसाभोवती साचतं, मग बाटलीवर नाव कुठलंही असो.