सिंड्रेलाचा भोपळा कुणाचा?

रात्री दहा वाजता आमच्या घरात एकच माणूस पूर्ण जागा असतो आणि तो साडेचार वर्षांचा असतो. मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात दिवसभर गुळाचे रवे (ढेपा) मोजून आलेला. डोळा लागला रे लागला, की बरगडीत कोपर बसतं. "पप्पा, मी अजून झोपलो नाही. गोष्ट!" (आमच्याकडच्या पोरी 'झोपलो', 'जेवलो'च म्हणतात. तिच्या पुण्याच्या मावशीनं एका सुट्टीत सुधारायचा प्रयत्न केला. आता मावशीच 'आलो, गेलो' करते.)

चूक माझीच. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' सांगून जीभ झिजली, म्हणून मी साहेबाच्या गोष्टी काढल्या. सिंड्रेलाची परी आली, छडी फिरली, भोपळ्याची बग्गी झाली.

"आज्जीचा भोपळा हिनं का घेतला?"

भोपळा म्हणजे आज्जीचा, आज्जी त्यात बसून लेकीकडनं घरी निघालेली, वाटेत वाघ टपलेला. हा दुसरा भोपळा, असं म्हणून बघितलं. "दुसरा कुठनं आणला? लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं?" शार्ल पेरो नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १६९७ साली ही गोष्ट छापली तेव्हा त्याला असले प्रश्न कुणी विचारले नसावेत.

सिंड्रेलाची काचेची चप्पल सावत्र बहिणींच्या पायात जाईना, तिथं तर गाडं पारच रुतलं. गेल्या महिन्यात तिला पायताण घ्यायला चप्पल लाईनीत गेलो होतो. कोरं कातडं, अंगठा लालभडक. दुकानदारानं तेल चोळलं आणि म्हणाला, "चार दिवस घालू द्या, सैल पडतंय." ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय.

"मग त्या बहिणींनी तेल का लावलं नाही?"

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या गोष्टीत चप्पल पायात जाईना म्हणून एक बहीण अंगठा छाटते आणि दुसरी टाच. हे मी लेकीला सांगितलेलं नाही. पण एवढं करण्याआधी वाटीभर तेलाचं सुचायला काय हरकत होती? आणि तेलानं सैल पडणारी चप्पल असती तर अख्ख्या गावातल्या पोरींना झाली असती, राजपुत्र बसला असता वरात मोजत. म्हणून म्हटलं, काचेला तेल लागत नाही. "करकर वाजतं का मग?" नाही. "मग कशाला घेतलं?"

विषय बदलायला लाल टोपडीवाली आणली. लांडगा आजीला गिळतो आणि तिचे कपडे घालून झोपतो, इथपर्यंत आलो आणि पलीकडच्या खोलीतून आमच्या मातोश्रींचा आवाज आला. "नऊवारी नेसला काय रे लांडगा? कासोटा जमला त्याला?"

लेक उठून बसली. आज्जी फसवते, फसत नाही, हा तिचा कायदा. आमच्या गोष्टीतली म्हातारी वाघाला 'तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा' म्हणून गंडवते, आणि ही परदेशातली म्हातारी कडी न लावता झोपते? पेरोच्या गोष्टीत तर दोघींना खाऊन लांडगा मोकळा होतो, पुढं काहीच नाही. ग्रिमांनी १८१२ साली निदान शिकारी आणून आजीला पोटातून बाहेर तरी काढलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९१२ साली, आमचं कुस्त्यांचं खासबाग मैदान उभं राहिलं. त्यामुळं आमच्या घरी शिकारी येत नाही, तालमीतला पैलवान येतो. काल त्यानं लांडग्याला धोबीपछाड मारली. ती कशी मारतात ते गादीवर दाखवावं लागलं. लांडगा मी होतो. कंबर अजून धरलीय.

साडेअकराला मी शरण गेलो. "बारा वाजले, सिंड्रेला पळाली, झोप आता."

"बाराला का?"

मला खरंच सुचेना. लेकीनं अंधारात विचार केला आणि मग मलाच समजावलं, "पप्पा, आज्जीला घरी जायचं होतं ना. भोपळा परत द्यायला नको?"

पलीकडून लगेच विचारणा झाली, "दिला न्हवं परत?"

"दिला!"

"मग झोपा."

लेक पाच मिनिटांत घोरायला लागली. मी छताकडं बघत होतो. पळताना एक चप्पल राजवाड्यात राहिली, मग दुसरी त्या भोपळ्यातच राहिली असणार.