परवाना निलंबन म्हणजे मजुरांच्या पोटावर पाय?

वनखात्याने एखाद्या आरा गिरणीचा परवाना निलंबित केला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : झाडे शेतकऱ्याच्या मालकीची, गिरणीवाला केवळ चिराई करणारा, चूक झालीच तर दंड घ्यावा, गिरणी बंद करून मजुरांच्या पोटावर पाय देऊ नये, शिवाय परवान्यांच्या बाबतीत न्यायालयांनी लक्ष घालण्याचे कारण काय?

मालकीचा मुद्दा अर्धाच सांगितला जातो. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्यानुसार साग, खैर, आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ अशा अनुसूचित झाडांची तोड स्वतःच्या जमिनीतही परवानगीवाचून करता येत नाही. निलगिरी आणि सुबाभूळ त्या अनुसूचीत नाहीत, म्हणजे बंधन सरसकट नाही, हेही मजकूर लिहिणारे सोयीस्करपणे विसरतात. त्यातच, ‘वन’ या शब्दाची व्याप्ती जमिनीच्या मालकीवर अवलंबून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजीच स्पष्ट केले आहे.

‘केवळ चिराई’ हा या मजकुरातला सर्वांत फसवा भाग आहे. ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण असते आणि सोबत वाहतूक परवाना असतो, तोवर तो कुठून आला हे शोधता येते. करवतीखालून त्याच्या फळ्या झाल्या की ती खूण भुशात आणि साली-ढलप्यांत जाते, आणि परवानगीच्या सागाशेजारी चोरीचा साग ठेवला तर अनुभवी वनपालालाही नुसत्या नजरेने फरक सांगता येत नाही. म्हणून सारी भिस्त गिरणीच्या नोंदवहीवर असते. चिरीव माल गोल लाकडापेक्षा घनमीटरमध्ये कमीच भरणार. तो नोंदलेल्या आवकेपेक्षा जास्त निघाला, तर ती कारकुनी चूक नसते.

दंडाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. १९६४ च्या कायद्यात बेकायदा तोडीसाठी कमाल दंड एक हजार रुपये होता आणि तो ५० हजारांपर्यंत वाढवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला. हजार रुपयांचा दंड धंद्याच्या खर्चात सहज मुरत होता, हे त्यावरून दिसतेच. निलंबन करवत थांबवते, पण ते परवाना रद्द करणे नव्हे. अर्थात निलंबन करून महिनोन्महिने सुनावणीच न घेणे गैर आहे, आणि कारणे नमूद केलेला आदेश मागण्याचा मालकाचा हक्क निर्विवाद आहे.

न्यायालयाच्या ‘ढवळाढवळी’चे उत्तर महाराष्ट्रातच सापडते. विनापरवाना आरा गिरण्या आणि प्लायवूडचे कारखाने बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च १९९७ रोजी महाराष्ट्र व उत्तर प्रदेशासाठी दिला होता. तो डावलून राज्यात सहा कारखान्यांना परवानगी दिली गेली, तेव्हा मे २००६ मध्ये न्यायालयाने वनखात्याचे प्रधान सचिव अशोक खोत आणि तत्कालीन वनमंत्री स्वरूपसिंग नाईक यांना अवमानाबद्दल एक महिन्याच्या कारावासाची शिक्षा सुनावली. माफीनामाही स्वीकारला नाही. कार्यपालिकेने स्वतः नियम पाळले असते, तर हा प्रसंग ओढवला नसता.

मजुरांचा मुद्दा मात्र खरा आहे. १९९६ च्या आदेशानंतर आसाम-अरुणाचलातील प्लायवूड उद्योग कोलमडला आणि त्याची झळ आधी कामगारांना बसली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या गिरणीचा कच्चा माल चोरीचा आहे तिथला रोजगार जंगल संपेपर्यंतचाच असतो, आणि तोवर पावतीने लाकूड घेणारा शेजारचा गिरणीवाला स्वस्त मालापुढे टिकत नाही. त्याच्याकडच्या मजुरांची काळजी या मजकुरात कुठेच दिसत नाही. खरी उणीव वेगळीच आहे. काम बंद राहिलेल्या काळात कामगाराला भरपाई देण्याची औद्योगिक कायद्यातील तरतूद पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होत नाही, आणि आरा गिरणीवर सहसा इतके कामगार नसतात. मालकाच्या कसुरीमुळे गिरणी थांबली, तर त्या काळाची मजुरी मालकाकडूनच वसूल व्हावी, ही मागणी त्या मजकुरात असायला हवी होती.