ब्रिटनच्या पोस्टावरचा विश्वास कुणी घालवला?

ब्रिटनमध्ये लोकांचा जुन्या पक्षांवरचा, संसदेवरचा, कोर्टांवरचा विश्वास उडालाय आणि याचं खापर बहुतेक जण नायजेल फराज या नेत्यावर आणि ब्रेक्झिटवाल्यांवर, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्यांवर, फोडतात. मला हे पटत नाही. ज्यांना पटतं त्यांनी तिथल्या पोस्टाचं प्रकरण एकदा मुळातून वाचावं.

तिथली गावोगावची पोस्टं सबपोस्टमास्तर चालवतात. हे सरकारी नोकर नाहीत. अनेकांनी आयुष्याची पुंजी घालून दुकान घेतलेलं, त्याच दुकानात पोस्टाची खिडकी. 1999 पासून पोस्टाने त्यांना फुजित्सु कंपनीची होरायझन ही संगणक प्रणाली वापरायला लावली. मग प्रणालीतल्या दोषांमुळे हिशेबात नसलेलीच हजारो पौंडांची तूट दिसू लागली, आणि ती भरायची यांनीच. मदत मागितली की अनेकांना एकच उत्तर मिळायचं : असं फक्त तुमच्याकडेच होतंय! 2015 पर्यंत नऊशेहून जास्त माणसं गुन्हेगार ठरली. बहुतेक खटले पोस्टाने स्वतःच चालवले. तपास करणारे तेच, खटला भरणारेही तेच. शिवाय संगणक नीटच चालत होता, असं कायदा आधीच धरून चालायचा.

यात भारतीय वंशाचे लोकही बरेच होते. सरे परगण्यातल्या सीमा मिश्रांना 2010 मध्ये शिक्षा झाली तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. सरकारने नेमलेल्या चौकशीच्या 2025 च्या अहवालानुसार किमान 13 जणांनी या छळापायी जीव दिला असावा. हे वाचताना हात थरथरतात.

आणि यात कुठला पक्ष सुटतो? होरायझन आलं लेबरच्या राज्यात. 2010 मध्ये या लढ्याचे पुढारी, माजी सबपोस्टमास्तर ॲलन बेट्स यांनी भेट मागितली तेव्हा टपाल खातं लिबरल डेमोक्रॅट एड डेव्हींकडे होतं, आणि त्यांनी आधी नकारच कळवला. 2019 मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणालीतले दोष निकालात मांडले. तेव्हा सत्तेत कन्झर्व्हेटिव्ह. तरी शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा आला मे 2024 मध्ये, तोही जानेवारीत टीव्हीवर चार रात्री याच प्रकरणावरची मालिका लागली आणि देश पेटला म्हणून. खासदार, वकील, कोर्टं इतकी वर्षं काय करत होती?

त्याच वर्षी जुलैतल्या निवडणुकीत कन्झर्व्हेटिव्ह 121 जागांवर आले, इतिहासातला नीचांक. लेबरला प्रचंड बहुमत मिळालं, पण मतं जेमतेम 34 टक्के. हे पोस्टामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या गावात पोस्टमास्तरीणबाईंना चोर ठरवलं, तिथल्या माणसाला 'संस्थांवर विश्वास ठेवा' असं कुठल्या तोंडाने सांगणार? फराज नसते तरी तो चिडलाच असता.

पोस्टाच्या माजी प्रमुख पॉला व्हेनेल्स यांनी सीबीई किताब परत केला. पण 2025 सरेपर्यंत एकाही वरिष्ठावर खटला उभा राहिला नव्हता. आधी ते खटले उभे राहू देत, मग लोकांच्या अविश्वासाबद्दल बोलू.