संभाची टेप

रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर आम्ही पाचजण. मधे भडंगाचा पुडा. दिग्या त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खात होता, तो पहिलीपासून असाच आहे. समूह शाळेचं, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिटवून एकच मोठी करायच्या योजनेचं, नाव कुणी काढलं आठवत नाही. मास्तरनं नुसता सुस्कारा सोडला आणि शिऱ्यानं लगेच संधी साधली.

शिऱ्या दोन दिवसांसाठी पुण्याहून आलेला. तो हल्ली माणसांचं ऐकत नाही, पॉडकास्ट ऐकतो.

"मुळात शाळा ही सिस्टीमच कंट्रोलसाठी आहे. घंटा वाजली की बसा, घंटा वाजली की उठा. त्या इंग्रज मेकॉलेनं पार्लमेंटमध्ये उभं राहून सांगितलंय, या देशाचा कणा मोडायचा असेल तर..."

"कधी सांगितलं?" मास्तर.

"2 फेब्रुवारी 1835."

"तेव्हा तो कलकत्त्यात होता. पार्लमेंटात काय वडापच्या जीपनं गेलता?"

दिग्याला ठसका लागला. शेंगदाणा अडकला असावा, देव करो.

"त्या तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण आहे, ते खरं," मास्तर म्हणाला. "पण त्यात तो स्वच्छ म्हणतो, सगळ्या जनतेला शिकवायला आमच्याकडं साधनं नाहीत, मधला एक वर्ग तयार करू. तुझ्या पणज्याला शाळेत घालायचं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं."

"तू स्पिरिट बघ ना!" शिऱ्याचं हे नेहमीचं. दहावीत भूमितीची सिद्धता चुकली तेव्हाही त्यानं बाईंना असंच काहीतरी सांगितलं होतं.

इतका वेळ गप्प बसलेला संभा पुढं सरकला. शिवाजी पेठेत त्याचं शिलाईचं दुकान. दुकान बंद करून आला तरी गळ्यात टेप असतेच.

"शिऱ्या, एक सांग. गुलाम करायला शाळा काढली म्हणतोस. मग ज्यांच्याकडं गुलाम हुते, ती मानसं शाळेला नको नको का म्हनत हुती?"

आता मास्तरला कोण आवरणार! 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढं फुल्यांनी काय मांडलं, तर सारा भरायचा कुणब्यानं आणि पैसा जायचा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. पुढं गोखल्यांनी 1911 ला सक्तीच्या शिक्षणाचं बिल आणलं, तेही जपून, टप्प्याटप्प्यानं. ते 1912 ला 38 विरुद्ध 13 नं पडलं. सरकारचा विरोध होताच, जमीनदारांचाही होता. पोरं शाळेत गेली तर रानात राबणार कोण?

"आणि 1917 ला आमच्या शाहू महाराजांनी करून दाखवलं," दिग्या. या वाक्याला कोल्हापुरात कुणी हरकत घेत नाही. शिऱ्यानं घेतली. पुण्याचं पाणी.

"पण सक्ती म्हणजे कंट्रोलच की! राजानं केला म्हणून तो गोड?"

मुद्दा बरा होता, म्हणून आम्ही तिकडं दुर्लक्ष करणार होतो. संभानं केलं नाही.

"सक्ती बापावर हुती, पोरावर न्हाई. पोरगं शाळंत न्हाई दिसलं तर म्हैन्याला रुपाया दंड बाप भरायचा."

यावर दिग्याचा हिशेब झाला. आठवी ते दहावी तो जितका शाळेबाहेर होता, त्यात त्याच्या वडिलांची म्हैस गेली असती. दिग्या म्हणाला, "मॅटिनीचं सरांना कुणी सांगितलं ते अजून कळलं नाही." आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. तो विषय निराळा, इथं लिहायचं कारण नाही.

मास्तर मात्र हसला नाही. त्याची शाळा गगनबावड्याच्या बाजूला, पट अकरा. विसाच्या खालच्या अशा शाळा 2023 ला राज्यात पंधरा हजारांच्या घरात होत्या. त्याच वर्षीच्या परिपत्रकात पानशेत आणि तोरणमाळचा नमुना दाखवून समूह शाळा करा म्हणून सांगितलं, पोरं गाडीनं आणायची.

"माझ्या तिसरीतली एक पोरगी धाकट्या भावाला घेऊन येते. तो दारात खडूचे तुकडे चघळत बसतो. आई भातलावणीला गेलेली असते. गाडीत ह्याला घेतील काय? न्हाई घेणार. मग ती पण येणार न्हाई. हजेरीपटात हे कुठल्या रकान्यात भरू?"

कुणीच काही बोललं नाही.

"आणि आरटीईचं, शिक्षण हक्क कायद्याचं बघा. फेब्रुवारी 2024 ला काय नियम काढला? एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की विनाअनुदानित खासगी शाळेला गरिबांच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट. हायकोर्टानं जुलैत रद्द केला म्हणून बरं. म्हणजे गरिबाला तिथं घ्यायचं नाही, कारण आमची शाळा जवळ आहे. आणि आमची शाळा मिटवायची, कारण पोरं नाहीत."

"बाहीला कापड कमी म्हनून खिसा उसवायचा," संभा म्हणाला, "आन खिसा न्हाई म्हनून बाही कापायची."

मग त्यानं गणवेशाचं काढलं. ती त्याची जुनी जखम. 2024 ला सगळ्या राज्याला एक गणवेश, कापड वरूनच ठरलेलं. जून सरला, पोरं जुन्याच कपड्यात. डिसेंबरात कारभार परत शाळा व्यवस्थापन समितीकडं. एका पोराची नवी चड्डी दुरुस्तीला आली, तर तिच्यात दोन पोरं मावतील.

"माप मंत्रालयात, पोरगं बावड्यात. तुझा तो मेकॉले ऱ्हाऊ दे शिऱ्या. जे ठरीवत्यात, त्यांची पोरं त्या बाकावर हाईत का, एवढंच बघ."

शिऱ्या तोंड उघडणार तेवढ्यात फोन वाजला. बायको. तो लांब गेला, आवाज बारीक करून परत आला. चिरंजीवांची पुण्यातली 'इंटरनॅशनल' शाळा, फी दोन लाखांच्या पुढं. सोमवारी फॅन्सी ड्रेस. विषय: शेतकरी.

"संभा... एक छोटं धोतर आणि बंडी... आज रात्रीत होईल काय रे?"

दिग्या कट्ट्यावरून खाली उतरून हसला.

संभानं गळ्यातली टेप काढली. "कंबर किती?"

"सहा वर्षांचा आहे."

"वय कुठं इचारलं? माप सांग."