गॅस्केट गळतच नव्हतं: तीन वेळा हेड उघडल्यावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून सोडून द्यावी अशी ती नाही, म्हणून सवडीने बसून लिहितोय. वीस वर्षं गॅरेज चालवणारा माणूस एवढा चिडून लिहितो तेव्हा त्याने तसं काहीतरी डोळ्यांनी बघितलेलं असतं.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो, ज्या लेखावर ही प्रतिक्रिया आली त्यात काय होतं ते. घरी बांधलेलं चार सिलेंडरचं टर्बो इंजिन, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, आठवड्याला साधारण पाव लिटर कूलंट गायब, जमिनीवर थेंब नाही, तेलात पाणी नाही, आणि त्यापायी मी हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, तीन वेळा उघडलं. त्यावर दादांचं म्हणणं असं की गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सील करणारा पातळ थर) दोनदा गळलं म्हणजे टॉर्क (नट आवळायचा जोर) कमी पडला, दहा न्यूटन मीटर जास्त आवळलं असतं तर बसलं असतं. नाहीतर कूलंटमध्ये स्टॉप-लीकची, म्हणजे गळती बुजवणाऱ्या औषधाची, एक बाटली ओतायची, दहा मिनिटांचं काम. आणि असलं वाचून नवी पोरं इंजिन खोलतात, मग अर्धवट खोललेल्या गाड्या आमच्या दारात येतात.

जे पटलं ते आधी सांगतो. पहिल्यांदा हेड उघडलं ती माझी चूकच होती. एक्झॉस्टच्या बाजूला हेड आणि ब्लॉकच्या जोडावर पांढरट खरवड दिसली, गाडी बंद केल्यावर गोडसर वास यायचा, आणि एवढ्यावरच मी ठरवून टाकलं की गॅस्केट गेलं. प्रेशर टेस्टर (कूलंटला दाब देऊन गळती शोधायचा पंप) कपाटात होता, तो लावलाच नाही. गळती नेमकी कुठून सुरू होते ते न बघता, ती बाहेर जिथे दिसली तिथलाच पार्ट मी बदलला, जुनं कंपोझिट गॅस्केट काढून तसलंच नवीन टाकलं. तुम्ही याच्यावर बोट ठेवलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण तुम्ही बोट ठेवलंय टॉर्कवर, आणि तिथे माझं म्हणणं वेगळं आहे.

दुसऱ्यांदा हेड उघडलं तेव्हा मात्र अंदाजाने काही केलेलं नाही. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं, म्हणजे 400 मिलिमीटर लांबीचं हेड 70 अंशांनी तापलं तर साडेसहा दशांश मिलिमीटरच्या आसपास वाढतं आणि तेवढाच लांब ब्लॉक जेमतेम तीन दशांश, प्रत्येक वेळी गाडी तापते-निवते तेव्हा हे दोघं गॅस्केटच्या अंगावर घासत पुढे-मागे होतात, त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत असेल तर गॅस्केट टिकत नाही असा माझा विचार होता. हेड पट्टी आणि फीलर गेजने तपासलं, वाक 0.03 मिलिमीटर निघाला, एवढ्या हेडला 0.05 पर्यंत चालतो. तरी दोन्ही पृष्ठभाग मशीनवर गुळगुळीत करून घेतले, कारण आता अनेक थरांचं स्टीलचं गॅस्केट टाकायचं होतं आणि त्याला कंपोझिटपेक्षा बराच गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. टॉर्क तीन टप्प्यांत, मधून बाहेर, दिलेल्या क्रमाने. आणि गळती होती तशीच!

आता तुमचे ते दहा न्यूटन मीटर. नटाला आपण जो टॉर्क देतो त्यातला ढोबळमानाने निम्मा नटाच्या बुडाशी घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि स्टड (ब्लॉकमध्ये बसवलेला, हेड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) ताणायला उरतो तो दहाएक टक्केच. म्हणून वंगण कुठलं लावलंय त्यावर सगळं अवलंबून असतं. इंजिन ऑइलसाठी दिलेला आकडा त्याहून निसरड्या मोली ग्रीसवर वापरला तर स्टड आधीच हवा त्यापेक्षा जास्त ताणला जातो, त्यात वरून आणखी दहा घातले तर ब्लॉकमधले आटे वर खेचले जातात, त्या भोकाभोवती पृष्ठभागाला उंचवटा येतो आणि चांगलं गॅस्केटसुद्धा तिथे बसत नाही. शेजारचा सिलेंडरही किंचित वाकडा होतो तो वेगळाच. आवळून गळती थांबेल असं वाटतं खरं, मलाही वाटलं होतं, हात रेंचवर गेलाही होता. पण या गळतीला आवळण्याने फरक पडणारच नव्हता, का ते पुढे येतंच.

आधी हे की गॅस्केट निर्दोष आहे असं कशावरून. रेडिएटरच्या तोंडावर ब्रोमोथायमॉल ब्लूचं निळं द्रव असलेली नळी धरून इंजिन चालवलं, सिलेंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असता तर ते पिवळं झालं असतं, वीस मिनिटांनीही निळंच राहिलं. मग एकेका सिलेंडरमध्ये दाबाची हवा भरून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का बघितलं, एकही नाही. सकाळी थंड इंजिन चालू केल्याकेल्या वरचा होज टणक होत नव्हता. टर्बो इंजिनात ज्वलनाचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, गॅस्केटची रिंग फुटली असती तर वायू कूलंटमध्ये घुसून टाकी उतू घातली असती. आपल्याकडे तर कूलंट गुपचूप बाहेर जात होतं.

मग शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. थंड इंजिनावर टेस्टर लावला, रेडिएटरच्या कॅपवर 1.1 बार लिहिलंय म्हणून 1.1 पर्यंतच पंप केला (त्याच्यावर गेलं की चांगला रेडिएटरसुद्धा गळायला लागतो आणि आपण भलत्याच मागे लागतो), वीस मिनिटांत काटा 0.8 वर. आधी सापडली ती दुसरीच गळती, आणि ही गोष्ट आधीच्या लेखात सांगायची राहिली होती. टेंपरेचर गेजसाठी जो सेन्सर मी नंतर बसवला होता त्याचे आटे 1/8 इंची एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे) होते, म्हणजे इंचाला 27 आटे आणि 60 अंशांचा कोन, आणि अ‍ॅडॅप्टरचं भोक बीएसपीटी (ब्रिटिश पद्धतीचं), इंचाला 28 आटे आणि 55 अंश. हातात दोन्ही सारखेच वाटतात, दोन-तीन फेरे मजेत बसतात, मग घट्ट होतं आणि वाटतं झालं सील. ते सील कधीच होत नाही, कितीही टेप गुंडाळा. जुळणारा अ‍ॅडॅप्टर घातला आणि काटा पडण्याचा वेग निम्म्यावर आला. एकाच वेळी दोन गळत्या असल्या की माणूस असा चकतो, एक बरी केली तरी कूलंट कमी होतच राहतं आणि वाटतं आपण केलं त्याने काहीच झालं नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (सिलेंडरांतला धूर बाहेर नेणारा तापलेला नळ) उतरवला. थेंब का दिसत नव्हता ते तेव्हा कळलं, गळती बरोबर मॅनिफोल्डच्या वर होती, पडेल ते जागच्या जागी वाफ होऊन जायचं, मागे फक्त खरवड आणि वास. सगळं कोरडं पुसून जोडाच्या खाली टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवल्या, दाब दिला आणि रात्रभर सोडलं. सकाळी बाकी सगळ्या पट्ट्या कोरड्या, एकच जागा अंगठ्याएवढी ओली, बाहेरच्या रांगेतल्या तिसऱ्या स्टडच्या खाली. मग कूलंट काढून, नुसती हवा भरून साबणाचं पाणी फवारलं, तर जोडावर बुडबुडे आलेच पण त्याच स्टडच्या नटाखालच्या वॉशरमधूनही बारीक फेस येत होता. तो फेस बघितला तेव्हा मी खरंच उठून उभा राहिलो. हवा स्टडच्या अंगाअंगाने वर येत होती.

तिसऱ्यांदा हेड उघडलं ते या फेसामुळे. गॅस्केटवरचे ठसे अखंड. तो स्टड काढला, बाकीच्या नऊ भोकांचे तळ कोरडे, या एकाच्या तळाशी कूलंट. ब्लॉकच्या जॅकेटमध्ये (कूलंट फिरतं त्या पोकळीत) पाणी ओतलं तसं या भोकात ते आपोआप वर चढलं. इंजिन बांधताना स्टड तळापर्यंत नीट जावेत म्हणून मी सगळ्या भोकांत टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला होता, या भोकाच्या तळाशी ओतकामातलीच भिंत पातळ होती आणि टॅपच्या टोकाने तिला छिद्र पडलं. तिथून कूलंट आट्यांच्या वळणांतून चढून ब्लॉकच्या पृष्ठभागापर्यंत यायचं, आणि गॅस्केटचं स्टडसाठीचं भोक बाहेरच्या बाजूला काही सील केलेलं नसतं, तिथून सरळ बाहेर. म्हणून ती हुबेहूब गॅस्केटची गळती दिसत होती, म्हणून नवीन गॅस्केटने काही झालं नाही, आणि म्हणूनच दादा, दहा न्यूटन मीटरनेही काही झालं नसतं. स्टड कितीही ताणला तरी आट्यांमधली वळणाची वाट बंद होत नाही.

उपाय नवा नाही. शेवरोलेच्या 1955 पासूनच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 मध्ये हेडच्या बोल्टची भोकं मुळातच वॉटर जॅकेटमध्ये उघडतात आणि ते बांधणारा प्रत्येक जण आट्यांना सीलंट लावतोच. मी तेच केलं. भोक आणि स्टड ब्रेक क्लीनरने धुऊन हवेने कोरडे केले, कारण आधीचं मोली ग्रीस राहिलं तर सीलंट धरत नाही, मग खालच्या आट्यांना टेफ्लॉनचं सीलंट, स्टड हाताने बसेल तेवढाच, लगेच हेड आणि टॉर्क. इथे स्टडचा एक फायदा आहे, सीलंट खालच्या आट्यांना आणि फिरतो तो वरचा नट, त्यामुळे टॉर्कचा आकडा बदलत नाही, बोल्ट असता तर सीलंट लावलेले आटेच फिरले असते. एक रात्र सुकू दिलं आणि मगच कूलंट भरलं.

आता बाटली. तुम्ही लिहिलंय की कंपन्यासुद्धा वापरतात, आणि ते खरं आहे, जनरल मोटर्स कॅडिलॅकच्या अ‍ॅल्युमिनियम व्ही-8 मध्ये कारखान्यातच सीलिंगच्या गोळ्या टाकायची. जुनी गाडी रस्त्यात अडकली आणि घरी पोचायचंय तर मीही ओतेन. पण त्या औषधाला गळती आणि अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. माझ्या टर्बोच्या बेअरिंगभोवती कूलंट फिरतं ते पोकळ बॅंजो बोल्टच्या बारीक भोकांतून, हीटरच्या नळ्याही तशाच बारीक, आणि तिथे साका बसला तर मला कळणार टर्बो करपल्यावर. शिवाय ते छिद्र तसंच राहिलं असतं आणि कधीतरी ऐन बूस्टमध्ये (टर्बो जोरात चालू असताना) परत उघडलं असतं. निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण दाबाशिवाय 107 अंशांच्या आसपास उकळतं आणि 1.1 बारच्या कॅपखाली 125 च्याही पुढे जातं, म्हणजे दाब सुटला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळ आधी उकळी फुटणार, आणि तिथे नवीन हेड करपेल. पाव लिटरने काय होतंय असं मला म्हणवत नाही ते यामुळे.

(एक विनंती सगळ्यांनाच, टेस्ट करताना सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी मरतात.)

राहिली नवी पोरं. तुमच्या दारात अर्धवट गाड्या येतात हे मी खोटं म्हणत नाही, आणि त्यातल्या एकाने जरी माझा लेख वाचून हेड खोललं असेल तर मला त्याचं वाईट वाटतं. म्हणून लेखाची सुरुवात बदललीये, आता पहिला परिच्छेद प्रेशर टेस्टर आणि टिश्यू पेपरचा, हेड त्याच्या खूप नंतर येतं, आणि टॅप फिरवताना तळाला अडला की थांबा, जोर लावू नका, हे ठळक केलंय. पण इंजिन उघडूच नका असं मी लिहिणार नाही. मला हे काम मनापासून आवडतं, आणि ते शिकायला मिळालं ते कोणीतरी आपल्या चुकांसकट सगळं मांडून ठेवलं होतं म्हणूनच.

सध्याची परिस्थिती अशी की काल रात्री 1.1 बार भरून ठेवला होता, सकाळी काटा जागचा हललेला नव्हता. टाकीवर पेनाने रेघ मारलीये, सहा आठवडे झाले, कूलंट त्याच रेघेवर आहे. एक विचारायचं राहिलं, अशा फुटलेल्या भोकांना तुम्ही नुसतं सीलंट लावता की तळाशी प्लग बसवून वर नवे आटे पाडता? दुसरा ब्लॉक बांधायला घेतोय, त्याच्या एका भोकाचा तळ मला आत्ताच पातळ वाटतोय, टॅप लावायच्या आधी तुमचं मत कळलं तर बरं होईल.