माझ्या पाठीमागचे शोध

घरून काम सुरू झालं आणि माझ्या चेहऱ्याइतकीच माझ्या पाठीमागची भिंतही ऑफिसला ओळखीची झाली. त्या भिंतीवर बरोबर मधोमध ओलीचा एक डाग आहे. मी बोलायला लागलो की लोक माझ्याकडे न बघता त्या डागाकडे बघतात असा मला दाट संशय होता. इतरांच्या मागे काय होतं? एकाच्या मागे पुस्तकांचं कपाट, दुसरीच्या मागे गिटार. मला गिटार येत नाही, आणि माझी पुस्तकं चारचौघांत दाखवण्याजोगी नाहीत. तेव्हा मी ठरवलं, जुन्या पेटंटची चित्रं लावायची. आपण काही शोध लावला नाही, निदान लावलेले शोध भिंतीवर लावू.

ही चित्रं खरंच देखणी असतात. केसाएवढ्या रेघा, प्रत्येक भागाला एक अक्षर किंवा आकडा, खाली संशोधकाची सही आणि साक्षीदारांच्याही सह्या, जणू मृत्युपत्रच. बाजारात ती निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांत मिळतात. मला मात्र ते पटत नाही. अमेरिकेच्या पेटंट ऑफिसला चित्र पांढऱ्याशुभ्र कागदावर काळ्या शाईतच लागायचं, मग हा निळा सोस कशाला? मूळ चित्रांचे स्कॅन फुकट उतरवून घेता येतात. मी चार उतरवले आणि छापायला दिले. मोठे केल्यावर रेघांच्या कडा करवतीसारख्या दिसायला लागल्या, पण लांबून कोण बघतंय?

पहिलं चित्र बेलच्या टेलिफोनचं, १८७६ सालचं. गंमत म्हणजे त्या पेटंटच्या नावात टेलिफोन हा शब्दच नाही, ‘तारायंत्रातील सुधारणा’ एवढंच. दुसरं एंगलबार्टच्या माउसचं, १९७० सालचं, क्रमांक ३५,४१,५४१. त्याचं नाव ‘एक्स-वाय पोझिशन इंडिकेटर’! एक खोकं आणि त्याच्या पोटात एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं. जगाला उंदीर दिसला, पेटंट लिहिणाऱ्या वकिलाला नाही. तिसरा ईस्टमनचा १८८८ सालचा कॅमेरा. चौथा शोल्स आणि त्याच्या दोन साथीदारांचा १८६८ सालचा टाइपरायटर, ज्याच्या कळा पियानोच्या पट्ट्यांसारख्या आहेत. आईने चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला.

“पेटी छान आहे. पण भाता कुठेय हिचा?”

“आई, हा टाइपरायटर आहे.”

“असेल. भात्याशिवाय वाजायची नाही.”

आता टांगायची वेळ आली. कॅमेऱ्यातून कसं दिसतंय ते कळावं म्हणून मुलीला लॅपटॉपसमोर बसवलं आणि मी हातोडी घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

“बाबा, थोडं डावीकडे घे.”

मी डावीकडे घेतलं.

“अरे, डावीकडे!”

“डावीकडेच घेतलं.”

“मग दुसऱ्या डावीकडे घे ना!”

या दुसऱ्या डावीकडचा अर्थ तेव्हाच शोधला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझ्या तोंडात तीन खिळे होते. शिवाय डागावरचा गिलावा इतका भुसभुशीत की तिथे ठोकलेला खिळा नमस्कार करून खाली यायचा. शेवटी चार चौकटी डागाच्या चार बाजूंना बसल्या. भोकं एकूण अकरा पडली. बायकोने ती मोजली. मी मोजली नव्हती.

रात्री एकट्यानेच कॅमेरा लावून ऐटीत बसलो आणि हबकलोच. पडद्यावर सगळी अक्षरं उलटी! बेलची सही उजवीकडून डावीकडे धावत होती. कॅमेरा चित्र उलटं करतो हे उघड होतं. उपायही उघड होता, चित्रंच उलटी छापायची. छापणाऱ्याने दोनदा विचारलं, “उलटी? नक्की?” मी दोन्ही वेळा, शोल्सच्या साथीदाराला शोभेल अशा आत्मविश्वासाने, “नक्की” म्हणालो. घरी येऊन चौकटी उघडल्या, नवे कागद घातले. पडद्यावर आता एकेक आकडा सुलट, स्वच्छ, वाचावा असा.

सोमवारी मीटिंगला मी मुद्दामच थोडा बाजूला सरकून बसलो.

“मागे काय लावलंय?” एकाने विचारलं. “कुठली लिपी ही?”

गिटारवालीने समजावलं, आणि तेही सगळ्यांसमोर. आपण आपल्यालाच तेवढे आरशासारखे उलटे दिसतो, कारण तशीच सवय असते. बाकी सगळ्यांना आपण सुलटच दिसतो. म्हणजे इतके दिवस जगाला सगळं सरळ दिसत होतं. मी पैसे मोजून ते उलटं करून घेतलं होतं. मुलीचं ते दुसरं डावं मला आत्ता कळलं.

साहेब बराच वेळ गप्प होते. मग पडद्याजवळ वाकून म्हणाले, “चारही बाजूंचं काही वाचता येत नाही हो. पण मधलं चित्र सुरेख आहे. ते कशाचं पेटंट?”